कमरेला पिस्तूल, हात स्टिअरिंगवर

२०१०च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात एक गृहस्थ घरच्यांबरोबर कुत्र्याला फिरवायला निघाले होते. कमरेला होल्स्टर, त्यात पिस्तूल, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. ओहायोत त्याला परवानाही लागत नाही. मोटरसायकलवरून जाणाऱ्या एकाने थांबून हरकत घेतली, शब्दाला शब्द लागला आणि त्याने ९११ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. पोलीस आला, त्याने पिस्तूल काढून घेतलं आणि बेड्या घालून त्या गृहस्थांना गाडीत बसवलं. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून संघराज्याचा न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की जिथे उघडपणे शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे, तिथे नुसतं शस्त्र दिसलं म्हणून कुणाला अडकवून ठेवता येत नाही.

निकाल चोख आहे. फक्त तो पाच वर्षांनी आला.

ओपन कॅरीचे, म्हणजे उघड शस्त्र बाळगण्याचे पुरस्कर्ते असले निकाल पाठ करून रस्त्यावर उतरतात आणि पोलीस समोर आला की ते ऐकवू लागतात. निकालाशी माझं भांडण नाही, त्याच्या जागेशी आहे. फुटपाथवरची दोन-चार मिनिटं ठरतात ती हात कुठे आहेत, पाकीट कुठल्या खिशात आहे आणि पहिलं वाक्य काय होतं यावर. ‘पोलिसांशी शांतपणे वागा’ असं सगळेच सांगतात. पण शांत राहता यावं म्हणून घरातून निघण्याआधी काय काय करून ठेवावं लागतं, ते शिकवणारी व्यवस्था अमेरिकेतली राज्यं एकेक करून मोडीत काढत आहेत. हक्क मोकळा केला आणि त्याबरोबरची शिकवणी बंद केली, ही माझी मुख्य तक्रार.

भारतातल्या वाचकाला हे चित्रच परकं वाटेल. आपल्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांनाही शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी बंदूक न्यायचीच झाली तर ती पूर्ण झाकलेली हवी. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुएन निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेतला ठरवला, पण ते उघड की झाकून हा गोंधळ राज्यागणिक वेगळा आहे. टेक्सासमध्ये पिस्तूल होल्स्टरमध्ये असेल तर उघड चालतं. इलिनॉय आणि न्यू जर्सीत चालत नाही. फ्लोरिडात वर्षानुवर्षं बंदी होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मिशिगनची गंमत आणखी वेगळी. कमरेचं जे पिस्तूल फुटपाथवर बिनपरवाना चालतं, तेच घेऊन तुम्ही गाडीत बसलात की कायद्याच्या लेखी ते ‘लपवलेलं’ होतं आणि परवाना नसेल तर गुन्हा घडतो. गाडीचं दार उघडण्याआधी हे ठाऊक हवं.

यापुढचा घोळ न्यायालयांनीच करून ठेवला आहे. २०००च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ‘अमक्याकडे बंदूक आहे’ असा निनावी फोन एवढ्यावर कुणाची झडती घेता येणार नाही. चौथ्या सर्किटने २०१३ मध्ये टोलेडोसारखाच विचार मांडला. पण त्याच चौथ्या सर्किटने २०१७ मध्ये असंही ठरवलं की माणसाला दुसऱ्या कुठल्याही वैध कारणाने, अगदी सीटबेल्ट न लावल्याबद्दल थांबवलं असेल आणि त्याच्याकडे शस्त्र आहे असं वाटत असेल, तर तो धोकादायक धरून अंगझडती घेता येते. शस्त्र कायदेशीर आहे की नाही याने फरक पडत नाही. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना, जिथे मराठी मंडळी भरपूर आहेत, याच सर्किटमध्ये येतात. आणि गोळी झाडली गेलीच, तर तिचं मोजमाप १९८९च्या ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर खटल्यातल्या कसोटीने होतं. त्या क्षणी, त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं, ही ती कसोटी. तुम्ही मनातून किती शांत होतात हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. पोलिसाला काय दिसलं, एवढंच विचारलं जातं.

म्हणून शांत असण्याइतकंच शांत दिसणं महत्त्वाचं. आणि दिसण्याची व्यवस्था करता येते.

फिलांडो कॅस्टील या कृष्णवर्णीय चालकाचं उदाहरण इथे टाळता येत नाही, जरी त्याचं पिस्तूल झाकलेलं होतं. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. त्याच्याकडे शस्त्राचा परवाना होता. पोलिसाने गाडी थांबवून ड्रायव्हिंग लायसन्स आणि विमा मागितला. त्याने विम्याचा कागद दिला आणि अदबीने, ‘सर’ म्हणून, आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. पोलीस म्हणाला, मग तिला हात लावू नका. तो म्हणाला, मी ती काढत नाहीये. पुढच्या काही सेकंदांत सात गोळ्या सुटल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला.

या प्रसंगात उद्धटपणा कुठेच नाही. घोटाळा आहे तो दोन आज्ञांचा. लायसन्स द्या ही पहिली आणि तिकडे हात नेऊ नका ही दुसरी. ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे, हे दोघांच्या डोक्यात वेगळं असू शकतं. पाकीट मागच्या उजव्या खिशात आणि पिस्तूल उजव्या कमरेला असेल, तर पाकिटाकडे जाणारा हात पिस्तुलाच्या मुठीपासून वीतभर अंतरावरून जातो. खिडकीतून वाकून बघणाऱ्याला कोपर मागे जाताना दिसतं, खांदा वर उचललेला दिसतो, पंजा दिसत नाही. पिस्तूल उपसतानाची हालचालही अगदी तशीच असते.

यावरचा उपाय फुकट आहे आणि तरीही बहुतेक लोक तो करत नाहीत. शस्त्र ज्या बाजूला, तिच्या विरुद्ध बाजूच्या पुढच्या खिशात लायसन्स आणि परवाना ठेवावा. त्याहून चांगलं म्हणजे गाडीत असताना दोन्ही सन व्हायजरला, म्हणजे समोरच्या काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या पट्टीला अडकवावीत. विमा आणि रजिस्ट्रेशन ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल तर त्या ग्लोव्ह बॉक्समध्ये कधीही पिस्तूल ठेवू नये. कागद काढायला झाकण उघडलं आणि पोलिसाच्या टॉर्चमध्ये दस्ता चमकला, तर पुढे बोलायला वेळ मिळेलच असं नाही.

मागून दिवे लागले की इंडिकेटर द्या, उजवीकडे घ्या, इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरून. पोलीस येईपर्यंत कागद शोधून तयार ठेवावेत असं आपल्याला वाटतं, पण तीच चूक आहे. मागच्या गाडीतून त्याला फक्त तुमचे खांदे दिसतात, आणि वाकून काहीतरी हलवणारे खांदे बघूनच तो खिडकीशी पोचतो. मराठी माणसाची दुसरी सवय याहून धोक्याची. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराने बाजूला घेतलं की गाडीतून उतरून, कागद हातात धरून, ‘काय झालं साहेब’ म्हणत पुढे जाणं ही सभ्यता. अमेरिकेत न सांगता दार उघडून पोलिसाच्या दिशेने चालत जाणं हा इशारा समजला जातो. कमरेला पिस्तूल असताना तर विचारूच नका. उतरायला सांगितलं तर मात्र उतरायचंच. १९७७च्या मिम्स निकालापासून चालकाला उतरवायचा अधिकार पोलिसाला आहे.

बोलायचं काय? ‘गन’ हा शब्द पहिला नको. जोडीला दुसरा पोलीस असेल आणि त्याला गोंगाटात तेवढाच शब्द ऐकू गेला, तर त्यांच्या भाषेत ती धोक्याची आरोळी असते. आधी हातांबद्दल बोला. माझे हात स्टिअरिंगवर आहेत, मी परवानाधारक आहे, शस्त्र उजव्या कमरेला होल्स्टरमध्ये आहे, लायसन्स वर व्हायजरला आहे, तुम्ही सांगाल तसं करतो. या क्रमाने, सावकाश. प्रत्येक हालचालीआधी ती तोंडाने सांगायची आणि ‘हो’ ऐकू आल्यावरच करायची. दोन आज्ञा एकमेकींना छेद देत असतील, तर हात तिथेच ठेवून विचारायचं: तुम्ही लायसन्स मागितलंत आणि हलू नका असंही म्हणालात, आधी काय करू? स्वतःहून सांगणं सक्तीचं आहे का, हेही राज्यावर अवलंबून. मिशिगनमध्ये परवानाधारकाने लगेच सांगायलाच हवं. ओहायोत जून २०२२पासून विचारलं तरच सांगावं लागतं. पण उघड शस्त्राच्या बाबतीत हा वाद निरर्थक आहे. ते दिसणारच आहे, मग त्याच्या डोळ्यांआधी तुमच्या तोंडून गेलेलं बरं.

सगळ्यात घातक सौजन्य म्हणजे ‘थांबा, मीच काढून देतो’. पोलिसाने शस्त्र ताब्यात मागितलं तरी आपण मुठीला बोट लावायचं नाही. हात वर किंवा स्टिअरिंगवर ठेवून त्यालाच घेऊ द्यायचं. घ्यायचंच असेल तर पट्ट्यावरून अख्खं होल्स्टर काढावं, कारण रस्त्याकडेला, वाहनांच्या झोतात, अनोळखी बनावटीचं पिस्तूल रिकामं करताना चुकून गोळी सुटण्याचा धोका असतो. इथे एक पेच आहे. उघड बाळगायचं तर होल्स्टर कुलपी हवं, म्हणजे अंगठ्याने खटका किंवा झडप हलवल्याशिवाय पिस्तूल न सुटणारं. गर्दीत कुणी मागून ओढलं तर वाचवणारी हीच गोष्ट. पण तोच खटका पोलिसाला माहीत नसेल तर तो ओढाताण करतो. म्हणून ‘वर अंगठ्याचं बटण आहे’ हे आपण सांगायचं, दाखवायचं नाही. शस्त्र परत मिळतं ते बहुधा रिकामं, मॅगझिन वेगळं, कधी थेट डिकीत. ते तिथेच भरायला घेऊ नये. पोलिसाची गाडी दिसेनाशी होऊ द्यावी.

पायी असताना कसोटी वेगळी. हात छातीच्या उंचीवर, तळवे पुढे, चेहरा आणि दोन्ही खांदे पोलिसाकडे सरळ. होल्स्टरची बाजू मागे लपवण्यासाठी तिरकं उभं राहणं अनेकांना नम्रतेचं वाटतं, पण पोलिसांना प्रशिक्षणात तोच लढाईचा पवित्रा म्हणून शिकवतात. पट्ट्यात अंगठे अडकवू नका. रेकॉर्डिंग करायचं असेल तर ते आधीपासून चालू हवं. खिशातून घाईने उपसलेला काळा मोबाइल अंधारात मोबाइल दिसत नाही. एकच प्रश्न विचारायचा: मला थांबवून ठेवलंय, की मी जाऊ शकतो? जाऊ शकता असं उत्तर आलं तर खरोखर जावं, व्याख्यान देत बसू नये. थांबवलंय म्हणाले तर थांबावं, झडतीला संमती नाही हे एकदा, आवाज न चढवता सांगावं आणि झडती सुरू झाली तर अंग झटकू नये. नाव सांगणं बंधनकारक करणारे कायदे अनेक राज्यांत आहेत आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलेत. टोलेडोचे गृहस्थ जिंकले ते न्यायालयात. रस्त्यावर ते बेड्यांतच होते.

रायफलबद्दल माझं मत कडक आहे. शहरात, मोर्च्यात, बाजारात ती उघड नेणं कायदेशीर असलं तरी मूर्खपणाचं आहे. पिस्तुलाला होल्स्टर असतं आणि होल्स्टर हेच ‘मी आत्ता वापरत नाहीये’ असं सांगतं. रायफलला होल्स्टर नाही. पाठीवर, नळी जमिनीकडे, चेंबर रिकामं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, पण पट्टा पुढे आला आणि हात मुठीवर विसावला की बघणाऱ्याला बेत दिसतो. टेक्सासमध्ये तर लोक घाबरावेत अशा रीतीने सार्वजनिक जागी शस्त्र दाखवणं हा स्वतंत्र गुन्हाच आहे. कॅस्टील मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॅलसच्या मोर्च्यात पाच पोलिसांची हत्या झाली. मोर्च्यात रायफली उघडपणे घेऊन आलेले लोक होते. त्यातल्या एकाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जाहीर केला. प्रत्यक्षात त्याने गोळीबार सुरू झाल्यावर आपली रायफल एका पोलिसाच्या हाती दिली होती. तो वाचला, कारण त्याचे हात रिकामे होते.

इथवर सगळं नागरिकाच्या वाट्याचं झालं. दुसऱ्या बाजूकडे मात्र फारसं कुणी बोट दाखवत नाही, आणि खरी गफलत बहुतेकदा पोलीस पोचण्याआधीच, ९११च्या टेबलावर होऊन बसलेली असते. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या बीव्हरक्रीकमध्ये एक तरुण मोठ्या दुकानातल्या फळीवरची छऱ्याची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत फिरत होता. एका ग्राहकाने ९११ला सांगितलं की तो लोकांवर बंदूक रोखतोय. पोलिसांनी त्याला पाहिल्यावर काही क्षणांत गोळी घातली. राज्य ओपन कॅरीचं, वस्तू दुकानातलीच. बरोबर उलटं घडलं कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये, ३१ ऑक्टोबर २०१५ला. एका बाईंनी फोन करून रायफलवाला माणूस दिसल्याचं कळवलं. डिस्पॅचरने, म्हणजे ९११चा फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याने सांगितलं की आपल्याकडे ओपन कॅरी चालतं. त्या माणसाने थोड्याच वेळात तिघांना ठार मारलं.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की ओपन कॅरीच्या समर्थकांचं आणि विरोधकांचं, दोघांचंही सोपं उत्तर बाद होतं. प्रत्येक फोनला धाव घेतली तर निर्दोष माणूस मरेल, प्रत्येक फोन झटकला तर खुनी निसटेल. वाट आहे ती प्रश्नांत. शस्त्र हातात आहे की होल्स्टरमध्ये? नळी कुठे वळलेली आहे? तो काय करतोय, चालतोय, ओरडतोय, कुणाच्या मागे जातोय? हे तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत? ही उत्तरं शब्दशः गस्तीच्या गाडीपर्यंत जायला हवीत. ‘बंदूकवाला माणूस’ एवढाच शब्द गेला, तर पोलीस हात होल्स्टरवर ठेवूनच गाडीतून उतरणार. पोलिसांसाठीही नियम हवा: बोलणार एकच, आज्ञा एका वेळी एकच, आणि ती न हलण्याची आहे की हलण्याची हे स्पष्ट. याला पैसा लागत नाही, सराव लागतो.

टेक्सास यातलं उत्तम आणि वाईट अशी दोन्ही उदाहरणं आहे. २०१७ मध्ये त्या राज्याने कायदा केला की नववी ते बारावीच्या मुलांना आणि पोलीस प्रशिक्षणार्थींना, दोघांनाही वाहन थांबवल्यावर कसं वागायचं हे शिकवावं. छान कल्पना, कारण दोन्ही बाजूंनी एकच पाठ वाचला. पण चारच वर्षांत, १ सप्टेंबर २०२१ला, पिस्तूल बाळगायला लागणारा परवाना ऐच्छिक झाला. परवान्याबरोबर चार ते सहा तासांचा वर्ग असे, त्यात बळाच्या वापराचा कायदा आणि भांडण हिंसेविना मिटवणं हे विषय असत. आता सरकार संकेतस्थळावर फुकट धडा ठेवतं, ज्याला वाटेल त्याने बघावा. परवान्याशिवाय शस्त्र बाळगू देणारी राज्यं २०२४पर्यंत २९ झाली. माझं म्हणणं परवाना परत आणा असं नाही, ती लढाई हरलेली आहे. पण चार तासांचा वर्ग अटीत ठेवणं हे हक्कावर अतिक्रमण आहे, हा युक्तिवाद मला पटत नाही. गाडी चालवायला शिकवतो तसं थांबायलाही शिकवावं लागतं. शिवाय परवान्याचा एक रोकडा फायदा उरलाच आहे: शाळेपासून एक हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर संघराज्याची बंदी आहे आणि तिच्यातून सूट मिळते ती राज्याचा परवाना असलेल्याला. बिनपरवाना ओपन कॅरी करणारा शहरात चार गल्ल्या चालला तर ती रेषा नकळत ओलांडतोच.

हा सगळा सल्ला कातडीच्या रंगाकडे डोळेझाक करून दिला तर तो खोटा ठरेल. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची मंडळी भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेली. त्या वर्षीच तिथे भरलेली शस्त्रं उघड बाळगायला बंदी आली आणि तिच्यावर सही केली गव्हर्नर रेगन यांनी. २०२०च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशात एक गोरा सतरा वर्षांचा मुलगा दोघांना ठार करून, छातीवर रायफल लटकवून, हात वर करून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत गेला आणि त्या गाड्या त्याला ओलांडून पुढे गेल्या. कोणते हात कसे वाचले जातात, हे होल्स्टर कितीही चांगलं घेतलं तरी तुमच्या हातात नसतं.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी, दोन्ही कोरड्या. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगताच येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला ठळक अपवाद. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, आणि देशाबाहेर काढलं जाण्याची शक्यता वेगळी. राज्य कितीही मोकळं असो, मित्राने रेंजवर हातात दिलेलं पिस्तूलही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही.

आणि गॅस स्टेशन, दारूचं दुकान, मोटेल चालवणारे बरेच भारतीय गल्ल्यामागे कमरेला पिस्तूल लावून उभे असतात. दरोडा पडून गेला की ९११ला दरोडेखोराचं वर्णन सांगताना ते स्वतःचं वर्णन विसरतात. सांगायचं असं: दुकानदार मीच, निळा शर्ट, गल्ल्याच्या आत उभा आहे, माझं पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे. मग फोन चालू ठेवून काउंटरवर स्पीकरवर ठेवायचा. पोलीस दारातून आत येतील तेव्हा दोन्ही तळवे काउंटरवर, पालथे.